सहकाऱ्यांसमवेत हिदाच्या डोंगरात

जपानात नोकरीस असलेल्या मराठी माणसाच्या मेजावर वर्षातून एखादे वेळी, बहुधा वसंत सरता सरता किंवा पाने रंगू लागण्याच्या सुमारास, कचेरीचे एक परिपत्रक येऊन पडते. आणि अमुक शनिवारी सकाळी ७ वाजून ५० मिनिटांनी बस सुटेल, अमुक ठिकाणी भोजनास ५० मिनिटे मिळतील, अमुक रयोकानात, म्हणजे जपानी पद्धतीच्या निवासगृहात, मुक्काम पडेल आणि रविवारी सायंकाळी अमुक वाजता मंडळी परत पोचतील, असा सारा मजकूर त्यात मिनिटामिनिटाच्या हिशेबाने मांडलेला असतो. तो वाचून आपल्या माणसाच्या मनात दोन शंका एकदम उभ्या राहतात : ही सहल आहे की कवायत, ही पहिली, आणि आपण जे खात नाही त्याची वाट काय, ही दुसरी. माझ्या मते दुसरीचे समाधान पहिलीतच दडलेले आहे. कार्यक्रम इतका काटेकोर असतो म्हणूनच तीन आठवडे आधी कळवलेली जवळजवळ कोणतीही अडचण त्यात बिनबोभाट सामावून घेतली जाते, आणि पानावर बसल्यावर काढलेली क्षुल्लक अडचणसुद्धा यजमानापासून पाहुण्यापर्यंत सर्वांना ओशाळे करून सोडते.

प्रथम या प्रथेची व्यवस्था थोडी समजून घेणे बरे. कर्मचाऱ्यांची सहल हा जपानी आस्थापनांच्या कल्याणखर्चाचा जुना प्रकार असून तेथील करखात्याने त्यासाठी नियम घालून दिले आहेत. प्रवास चार रात्री व पाच दिवसांहून लांबता कामा नये, आणि निदान निम्मे कर्मचारी त्यात सामील असले पाहिजेत. मग कंपनीने सोसलेला वाजवी खर्च सर्वसाधारणपणे कर्मचाऱ्याच्या पगारात धरला जात नाही. मात्र सहलीऐवजी रोख रक्कम घेण्याची सवलत ठेवली, की जे सहलीस जातात त्यांचाही लाभ पगारातच जमा समजला जातो. तेव्हा ‘मी येत नाही, माझा वाटा हाती द्या’ अशी मागणी करून हिशेबखात्याला पेचात पाडू नये. न येण्याची मुभा असते. ती घ्यावयाची तर लवकर आणि एकदाच सांगावी. काही कचेऱ्यांत या कामासाठी दरमहा पगारातून वर्गणी कापली जाते, आणि न जाणाऱ्याच्या वर्गणीचे काय होते याचा नियम प्रत्येक ठिकाणी निराळा असतो. तो नोकरीच्या आरंभीच विचारून ठेवलेला चांगला.

या साऱ्या खटाटोपाचा कारभारी म्हणजे ‘कान्जी’. तो बहुधा कचेरीतला एखादा तरुण असतो आणि आपले नित्याचे काम सांभाळून तो बसचे दर मागवतो, खोल्यांची वाटणी करतो, कोणाशेजारी कोण निजेल याची डोकेफोड करतो. त्याला सारे काही लेखी द्यावे; तोंडी सांगितलेले त्याच्या स्मरणात राहील, पण रयोकानच्या मुदपाकखान्यापर्यंत पोचेलच असे नाही. शिवाय हे पद फिरते असते, आणि पुढील वर्षी ते आपल्याही गळ्यात पडण्याचा संभव असतो.

सहल कोठे काढावी हे आपल्या हाती असेल, आणि मंडळी नागोयाच्या बाजूची असतील, तर मी हिदा सुचवीन. गिफू प्रांताच्या उत्तर भागातील हा डोंगराळ मुलूख पूर्वी इतका दुर्गम व भाताच्या बाबतीत इतका दरिद्री होता, की आठव्या शतकाच्या सुमारास दरबाराने येथील काही कर माफ करून त्याबदली सुतार मागवण्यास आरंभ केला. राजधानीची मंदिरे आणि वाडे उभारण्यासाठी गावोगावची माणसे पाळीपाळीने जात, आणि ‘हिदाचे कारागीर’ ही कीर्ती त्या वेठीतून निपजली. आज तोकाई-होकुरिकू द्रुतगती मार्गाने, जो २००८ साली अखेरचा बोगदा पुरा झाल्यावर अखंड खुला झाला, नागोयाहून शिराकावा-गो सुमारे अडीच-तीन तासांत गाठता येते, आणि तेथून ताकायामा बसने तासाभरापेक्षाही कमी अंतरावर आहे. पहिल्या दिवशी शिराकावा-गो, रात्री ताकायामा, दुसऱ्या दिवशी सकाळचा बाजार आणि जुनी कचेरी, व परतताना गेरो येथे गरम पाण्याच्या झऱ्याशी घटकाभर विसावा : एवढेच दोन दिवसांस पुरे. यापेक्षा अधिक ठिकाणे कोंबण्याचा मोह कान्जीला नेहमी होतो, कारण छापील कार्यक्रम भरगच्च दिसला की वरिष्ठ संतुष्ट होतात. पण चाळीस माणसांना एका बसमधून उतरवून पुन्हा चढवण्यातच पाऊण घटका जाते, हे कागदावर दिसत नाही. गेरोची झऱ्यांमुळे ख्याती मोठी, म्हणून रात्र तेथे काढावी असे अनेकांना वाटते. मी ताकायामाच्या बाजूने आहे, कारण तेथील बाजार सकाळचा असतो व दुपारच्या आत आटोपतो, आणि तो पाहावयाचा तर रात्री तेथेच असले पाहिजे.

भाड्याच्या बससंबंधी एक गोष्ट नवख्यास ठाऊक नसते. तिचे भाडे काळ आणि अंतर या दोहोंवरून ठरते, आणि चालकाच्या कामाचे तास व विश्रांती यांना कायद्याची मर्यादा आहे. ‘आणखी अर्धा तास थांबू या की’ असा आग्रह आपल्याकडे प्रेमाचा समजला जातो. तेथे तो चालकाला अडचणीत टाकणारा ठरतो. ८ वाजता बस सुटणार असेल तर पावणेआठास उभे राहावे. बसऐवजी दोन-तीन मोटारी भाड्याने घेण्याचे ठरले, तर भारतातून आणलेला आंतरराष्ट्रीय परवाना जपानात उतरल्यापासून एका वर्षापुरताच चालतो, हे तेथे स्थायिक झालेल्यांनी विसरू नये. आणि मद्य घेऊन वाहन चालवणाऱ्याबरोबर त्याला मद्य देणाऱ्यालाही, व जाणूनबुजून शेजारी बसणाऱ्यालाही, तेथे शिक्षा होते, म्हणून कोण चालवणार आणि कोण पिणार याची वाटणी निघण्यापूर्वीच झाली पाहिजे.

आता अन्नाविषयी. ‘मी शाकाहारी आहे’ एवढे सांगून जपानात काही साधत नाही, कारण ऐकणाऱ्याच्या मनात मांस वगळले जाते, परंतु मासळी राहते. आणि मासळी वगळली तरी ‘दाशी’ राहते. दाशी म्हणजे सुकवलेल्या मासळीच्या कापांचा व समुद्री शेवाळाचा अर्क. मिसोचे सार, भाज्यांचा रस्सा, सोबाच्या शेवयांसोबतची चटणी, इतकेच काय पण न्याहारीला येणारी अंड्याची वळकटी, या सर्वांत तो मुरलेला असतो आणि रंगावरून ओळखू येत नाही. म्हणून काय चालत नाही याची यादी पदार्थवार द्यावी : गोमांस नाही, डुकराचे नाही, कोंबडी नाही, मासळी नाही, मासळीची दाशी नाही, अंडे व दूध चालते की नाही. हिदात पहिली बाब सर्वांत महत्त्वाची, कारण तेथील गोमांस हे त्या मुलखाचे भूषण मानले जाते आणि रात्रीच्या भोजनात प्रत्येकापुढे लहानशी शेगडी मांडून तेच पान शोभिवंत केले जाते. शेगडी पेटल्यावर ‘हे मला चालत नाही’ म्हणणाऱ्याच्या पुढून ती उचलली जाईल, माफीही मागितली जाईल, पण तिच्या जागी देण्यासारखे त्या घटकेला मुदपाकखान्यात काही नसेल. तीन आठवडे आधी कळवले असता त्याच शेगडीवर होबाच्या रुंद वाळक्या पानात मिसो, कांद्याची पात आणि अळंबी खदखदत येतात, आणि तो वास असा दरवळतो की शेजारची मंडळी माना वळवून पाहू लागतात. बुद्धमठांच्या परंपरेतील ‘शोजिन’ पाकक्रिया पूर्ण शाकाहारी असते व पुष्कळ आचाऱ्यांना तिची माहिती असते. तो शब्द यादीच्या शिरोभागी लिहिला तर काम सोपे होते. वाटेतल्या उपाहारगृहांवर मात्र फार भिस्त ठेवू नये. थालीपीठ किंवा दशम्या बरोबर असाव्यात, आणि ताकायामाच्या रस्त्यांवर काडीला ओवून, नुसता सोयाचा रस लावून भाजलेले तांदळाच्या पिठाचे गोळे मिळतात, ते निःशंक खावेत.

शिराकावा-गोची ओगिमाची वाडी, शेजारच्या गोकायामातील दोन वाड्यांसह, १९९५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली. जोडलेल्या हातांप्रमाणे वर भिडणारी तेथील गवती छपरे इतकी चढी असतात की हिवाळ्यातील बर्फ त्यांवर फार काळ ठरू नये; वरच्या माळ्यांवर पूर्वी रेशमाचे किडे पाळत, आणि जमिनीखाली, चुलीच्या आसपासच्या खड्ड्यांत, माती, गवत व किड्यांची विष्ठा कुजवून बंदुकीच्या दारूसाठी सोरा काढीत. छपराचा सांगाडा खिळ्यांवाचून, दोरांनी आणि वळवलेल्या कोवळ्या फांद्यांनी आवळलेला असतो. दर तीस-चाळीस वर्षांनी छप्पर बदलावे लागते, आणि ते काम शे-दोनशे गावकरी एकत्र येऊन करतात. आपल्याकडे शेतकामाला सावड घालतात तशीच ही छपराची सावड. वादा घराणे एके काळी तेथील पाटीलकी सांभाळून सोऱ्याचा व्यापार करी. त्यांचे मोठे घर पाहण्यास खुले आहे. आत शिरताच चुलीचा धूर डोळ्यांस झोंबतो, आणि माळ्यावर चढल्यावर असे दिसते की दोर, तुळया, गवताचा खालचा थर, सारे काही त्या धुराने चकचकीत काळे झाले आहे. हा धूर किडीपासून गवताचे रक्षण करतो, म्हणून चूल निव्वळ शोभेसाठी पेटवलेली नसते.

येथे घोळक्याने वागण्याचा प्रश्न खरा उभा राहतो. तिकीट असलेली मोजकी घरे सोडली, तर बाकीच्या घरांत माणसे राहतात. अंगणात वाळत घातलेले कपडे आणि दारातली भाजी ही त्यांची असते, आपल्या छायाचित्राची सामग्री नसते. भातखाचरांच्या बांधांवर उतरू नये. कचरा टाकावयास पेट्या जवळजवळ नाहीत, तेव्हा प्रत्येकाने पिशवी बाळगावी. तंबाखू ओढणाऱ्यांनी ठरवून दिलेल्या जागेबाहेर काडी ओढण्याचे मनातही आणू नये, कारण गवती छपरांच्या त्या वाडीला सर्वांत मोठे भय आगीचे आहे, आणि त्यासाठी घराघरांजवळ पाण्याच्या तोटी उभारून दर शरद ऋतूत त्या सर्व एकदम उडवून कसोटी पाहिली जाते. बस नदीपलीकडच्या तळावर उभी राहते आणि झुलता पूल चालत ओलांडून गावात यावे लागते. परतीच्या वेळी त्याच पुलावर गर्दी दाटते. दहा मिनिटे जास्त धरून निघावे. घोळका तीन-चार जणांच्या टोळक्यांत फोडून, पुन्हा भेटण्याची वेळ व जागा पक्की करून सोडून द्यावा. चाळीस जणांनी निशाणामागून चालण्याने कोणाचेच काही पाहून होत नाही. पाऊस लागला आणि शिराकावा-गो रद्द करावे लागले, तर ताकायामाजवळ ‘हिदा नो सातो’ हे १९७१ मध्ये उघडलेले उघड्या आभाळाखालचे संग्रहालय आहे. ठिकठिकाणची जुनी घरे तेथे आणून मांडली आहेत, आणि माझ्या अनुभवाने वृद्ध सहकाऱ्यांना ते अधिक मानवते.

रयोकानात पाय ठेवल्यापासून पादत्राणांचे एक स्वतंत्र शास्त्र सुरू होते. उंबऱ्याशी जोडे, पडवीत सपाता, तातामीच्या चटयांवर काहीच नाही, आणि शौचकूपात तेथल्याच निराळ्या सपाता, ज्या घालून बाहेर आलेला पाहुणा वर्षभर हास्याचा विषय होतो. एका खोलीत चार-पाच जण असतात आणि किल्ली बहुधा एकच, म्हणून ती कोणाकडे राहील हे आधी ठरवावे. भिंतीतील उंच कोनाडा, ज्यात चित्र टांगलेले असते, तो सामान ठेवण्याची जागा नव्हे. खोलीत मिळणारा सुती झगा, युकाता, डावा पदर वर येईल असा नेसावा. उजवा पदर वर घेतलेला झगा तेथे प्रेताला नेसवतात. युकाता घालून भोजनाला जाणेही शिष्टसंमत आहे, किंबहुना तेच अपेक्षित असते.

स्नानाविषयी आपल्या लोकांत संकोच फार आहे, आणि तो समजण्यासारखा आहे. सामूहिक कुंडात विवस्त्रच उतरावयाचे असते. पुरुषांचे व स्त्रियांचे कुंड वेगळे असते. उतरण्यापूर्वी ठेंगण्या पिढ्यावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवावे. छोटा पंचा पाण्यात बुडवू नये, डोक्यावर ठेवावा. केस वर बांधावे. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी ‘आज नको’ म्हणावे, त्यावर कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही. किंवा पुष्कळ रयोकानांत घटकाभरासाठी राखून मिळणारे खासगी कुंड आधीच मागून घ्यावे. अंगावर गोंदण असेल तर हीच तजवीज हितकर, कारण गोंदण आणि गुन्हेगार टोळ्या यांचा संबंध तेथील लोकांच्या मनात अजून पक्का आहे आणि आजीच्या हातावरील तुळस त्यातून वेगळी काढून दाखवणे कठीण जाते. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाहावी : अनेक ठिकाणी पुरुषांचे आणि स्त्रियांचे कुंड रात्रीत आपसांत बदलतात. संध्याकाळी ज्या दारातून गेलो त्याच दारातून पहाटे झोपेच्या गुंगीत शिरणाऱ्याने आधी वर टांगलेल्या पडद्याचा रंग वाचावा, निळा की तांबडा. मद्यपानानंतर लगेच कुंडात उतरणे धोक्याचे आहे. जेवणाआधीचे स्नान उत्तम.

सायंकाळची मेजवानी हाच खरे पाहता सहलीचा गाभा. दाराजवळची बाजू कनिष्ठांची, दूरची व कोनाड्याजवळची वरिष्ठांची. आपल्याला कोठे बसवतात ते पाहून निमूट बसावे. प्रमुखाचे भाषण होऊन ‘कानपाई’चा गजर होईपर्यंत पेल्याला ओठ लावू नये. स्वतःचा पेला स्वतः भरण्याऐवजी शेजाऱ्याचा भरावा, मग आपला आपोआप भरला जातो. मद्य न घेणाऱ्याने पेल्यात ऊलाँग चहा घ्यावा आणि तो रिकामा होऊ देऊ नये, कारण रिकामा पेला म्हणजे निमंत्रण. पुढे कोणी वरिष्ठ ‘आज पदाबिदाचा विचार नको’ अशी घोषणा करतील. ती प्रेमाने ऐकावी आणि तिच्यावर फार विसंबू नये, असे मी प्रत्येक तरुणास सांगतो. पदे सोमवारी सकाळी आपापल्या जागी परत आलेली असतात. एखादे मराठी गीत म्हणण्याचा आग्रह जवळजवळ निश्चित होतो, म्हणून दोन मिनिटांत संपणारे एक तयार ठेवावे. दुसऱ्या बैठकीस, जी गावात कोठे तरी भरते, जाणे ऐच्छिक असते आणि तेथील खर्च प्रत्येकी वाटून घेतात. दरम्यान नोकरवर्गाने खोलीत बिछाने घातलेले असतात. दाराकडचा बिछाना कनिष्ठाने घ्यावा, घोरणाऱ्याने आधीच कबुली द्यावी, आणि कानात घालावयाचे बोळे सर्वांनीच आणावे.

दुसऱ्या दिवशी न्याहारीपूर्वी किंवा लगेच नंतर मियागावा नदीकाठच्या बाजारात जावे. तांबड्या सलगमाची लोणची विकणाऱ्या बाया काडीवर तुकडा देऊन चव पाहावयास लावतात. चव पाहिल्यावर घ्यावे लागतेच असे नाही, पण दोन तुकड्यांनंतर न घेणे शोभत नाही. तेथून जुन्या वस्तीत चालत जाताना मद्यभट्ट्यांच्या दारांवर देवदाराच्या पानांचे मोठाले गोळे टांगलेले दिसतील : नवे मद्य तयार झाल्याची ती वर्दी, हिरवा गोळा नवा व तपकिरी जुना.

ताकायामा-जिन्या ही जुनी सरकारी कचेरी कार्यक्रमात नसेल तर घालावयास लावावी. लाकूड आणि खाणी यांच्यासाठी शोगुन सरकारने १६९२ मध्ये हिदा प्रांत कानामोरी घराण्याकडून काढून थेट आपल्या अमलाखाली घेतला, आणि १८६८ पर्यंत एकामागून एक २५ सुभेदारांनी येथून कारभार पाहिला. पुढेही १९६९ पर्यंत ही वास्तू सरकारी दप्तर म्हणूनच वापरात होती. कारकुनांच्या खोल्या, फिर्यादींच्या चौकशीचे खडी पसरलेले अंगण, वसुलाच्या तांदळाचे भले थोरले कोठार, आणि दर्जानुसार बदलत जाणारी चटयांची किनार पाहताना नोकरदार मंडळींना आपल्याच धंद्याचा इतिहास पाहिल्यासारखे वाटते. लाकडी पट्ट्यांवरचे खिळे झाकण्यासाठी बसवलेले धातूचे लहानगे ससे अवश्य शोधावेत; वाकल्याशिवाय ते दिसत नाहीत.

रोख पैसे बरोबर असावेत. ग्रामीण दुकानांत, बाजारात आणि मंदिरांपाशी कार्ड चालेलच याची हमी नाही, आणि स्नानाचा कर, बहुधा माणशी १५० येन, कधी कधी जागच्या जागी नाण्यांतच भरावा लागतो. डिसेंबर ते मार्चपर्यंत जाणाऱ्यांनी न घसरणारे जोडे घेतल्यावाचून घराबाहेर पडू नये. बक्षिसी देण्याची चाल नाही. द्यावयाचीच झाली तर ती कान्जी सर्वांच्या वतीने लिफाफ्यातून देतो.

कचेरीसाठी खाऊ, ओमियागे, नेणे हे कर्तव्यच आहे. प्रत्येक नग वेगळा बांधलेला, खोक्यावर नगांची संख्या छापलेली, अशी मिठाई घ्यावी, आणि सहलीस न आलेले किती हे मोजून मगच खोक्याचा आकार ठरवावा; एखादा नग कमी पडला तर तो ज्याचा, त्याला ते कळतेच. मुदतीची तारीख पाहावी. सोमवारी सकाळी ते खोके चहाच्या मेजावर ठेवून, वर ‘हिदाहून’ अशी चिठ्ठी लावून, प्रथम कान्जीला जाऊन भेटावे, त्याचे आभार मानावे, आणि आपल्याकडून जी येणे-बाकी निघत असेल ती त्याने मागण्यापूर्वीच, सुट्या पैशांसह, त्याच्या हाती द्यावी.